कानातल्या बोळ्यांचा प्रबंध

विद्यापीठाचा एक नियम होता. तो कुणा भल्या माणसाने केला असणार, कारण भल्या माणसांनी केलेल्या नियमांचाच त्रास जास्त होतो. ज्या लोकांवर संशोधन केलं त्यांच्यापुढे उभं राहायचं, काय केलं आणि त्यात त्यांचा फायदा काय ते त्यांना कळेल अशा साध्या भाषेत सांगायचं, आणि ते झाल्यावरच मार्गदर्शकाने प्रबंधावर शेवटची सही करायची. परीक्षकांपुढे छोटी डगमगली नव्हती. त्यांच्या प्रत्येक शंकेला तिने खाडकन उत्तर दिलं होतं. पण आता उरली होती ती बाबांच्या कारखान्यातली माणसं, आणि त्यांच्यापुढे बोलायची मात्र तिला धास्ती वाटत होती.

छोटी हे तिचं घरातलं नाव. तिशी उलटली, केसांत दोन-चार पांढरे डोकावायला लागले, तरी ती घरात छोटीच राहिली आणि कारखान्यातही छोटीच. बाबा तिथे कापडाचा माग चालवायचे. ती लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हापासून विणकरांनी तिला पाहिलेलं. शेडच्या दारातून आत पाऊल टाकलं की आवाज अंगावर कोसळायचा. ओळीने लावलेल्या मागांवर धोटे इकडून तिकडे आपटत असायचे, आणि शेजारी उभं राहून कुणी केकाटलं तरी ऐकू येण्याची सोय नव्हती. म्हणून तिथे कुणी आवाज काढून बोलतच नसे. नुसते ओठ हलवायचे, बोटं नाचवायची, आणि दोन रांगा पलीकडचा माणूस पोट धरून हसायचा. बाबा घरीही जेवताना आवाज न काढता आईची नक्कल करायचे आणि छोटी ठसका लागेपर्यंत हसायची.

तिचं संशोधन या आवाजाबद्दलच होतं. मेण आणि कापूस एकत्र करून तिने कानात घालायचे बोळे बनवले होते. बाबांच्या शेडमधल्या सगळ्या विणकरांनी कामावर ते घालायचे, आणि दर वर्षी छोटीने प्रत्येकाचे कान तपासायचे. वर्षं गेली आणि कान जसेच्या तसे राहिले. उलट थोडे सुधारलेच. तिचे मार्गदर्शक, ज्यांना ती नुसतं सर म्हणायची, त्यांचा आधी विश्वास बसेना. मग बसला, आणि एकदा बसल्यावर त्यांनी ते परिषदांमधून सगळीकडे सांगितलं.

त्या एका सहीवर आता बरंच काही अडलं होतं. छोटीच्या नावामागे डॉक्टर लागणं तर होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. कारखान्याला नवे माग आणायचे होते, जुन्यांच्या दुप्पट वेगाचे आणि दुप्पट आवाजाचे. परवाना मिळायचा तर कामगारांच्या कानांना धोका नाही असा शास्त्रीय आधार हवा होता. तो आधार म्हणजे छोटीचा प्रबंध. बोळे आहेत ना, मग काय बिघडतंय, असं तिलाही मनापासून वाटत होतं. बाबांच्या माणसांचे कान म्हातारपणापर्यंत शाबूत राहतील आणि ते आपल्या हातून झालं असेल, या विचाराने तिला रात्री सुखाची झोप लागायची.

आदल्या संध्याकाळी तिने तालीम करायची ठरवलं. टीव्हीवरच्या बातम्या भिंती हलवत होत्या. तिने आईबाबांना सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं आणि स्वतः जेवणाच्या टेबलापाशी उभी राहिली.

"समजा, तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही," ती म्हणाली.

"समजायचं कशाला? मला खरंच काही माहीत नाही," आई म्हणाली. "लोक विचारतात, मुलगी इतकी वर्षं काय करते? मी म्हणते, कान बघते. मग म्हणतात, अगंबाई, डॉक्टर का? मी म्हणते, होणार आहे. की लगेच त्यांच्या सासूबाईंचा कान ठणकायला लागतो."

"आई, मी त्यातली डॉक्टर नाही."

"तेच तर. त्यातली नाहीस तर कशातली ते एकदा सांग म्हणजे मी सुटले."

छोटीने सांगितलं. आवाजाने कान कसा हळूहळू मरतो, दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून माणसाला कळतही नाही. बोळ्यांनी तो कसा वाचतो. आणि शेवटी मोठ्या ऐटीत म्हणाली, "थोडक्यात काय, माझ्या प्रबंधाने सिद्ध झालंय की आपल्या बाबांचे कान तरुण माणसासारखे आहेत."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा टीव्ही पाहत होते. "अहो, ऐकलंत का?" बाबांनी ऐकलं नाही. "तरुण माणसासारखे," आई म्हणाली, "बरोबर आहे. लग्न झालं तेव्हाही माझं ऐकू येत नव्हतंच."

छोटी खळखळून हसली, आणि हसून झाल्यावर आईचं वाक्य तिने दुसऱ्या दिवशीच्या भाषणात घातलं. शिकलेल्या पोरीची ही तऱ्हा. साऱ्या शेडचे कान मोजत हिंडली, आणि घरात टीव्ही कुणासाठी इतका मोठा लावावा लागतो हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होता. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. विणकर अंघोळी करून, भांग पाडून, बायकांना आणि पोराबाळांना घेऊन आले होते. पुढच्या रांगेत सर, त्यांच्या शेजारी मॅनेजर, मग शेडचा मुकादम आणि बाबा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते मागे वळून वळून कोण कोण आलंय ते बघत होते. आई बायकांच्या घोळक्यात बसली होती.

सुरुवात झकास झाली. छोटीने मोठा आवाज काढला, हात हलवून बोलली, आणि माणसं तिच्या तोंडाकडे टक लावून बसली. एवढं लक्ष देऊन ऐकणारे लोक तिला विद्यापीठात कधी भेटले नव्हते. तिने तपासणीची आठवण काढली. सुताची रिळं ठेवायची ती खोली, इतकी चिंचोळी की खुर्ची ठेवायची तर छोटीच्या तोंडासमोरच. समोरच्याच्या कानावर हेडफोन. छोटीने यंत्राचं बटण दाबलं की त्याच्या कानात बारीकसा सूर वाजायचा, आणि सूर ऐकू आला की त्याने आपल्या हातातलं बटण दाबायचं. "माझा हात तुम्हाला दिसू नये म्हणून मी मध्ये पुठ्ठा उभा केला होता," ती म्हणाली. "तुम्ही लबाडी कराल अशी भीती होती ना!"

सगळे हसले. मुकादम तर मांडीवर थाप मारून हसला आणि त्याने बाबांना कोपर मारलं.

मग आलेख दाखवायचे म्हणून तिने पडदे ओढायला सांगितले आणि दिवे घालवले. भिंतीवर रेघा उमटल्या. छोटी भिंतीकडे तोंड करून एकेक रेघ समजावू लागली. बघा, ही पहिल्या वर्षाची, ही शेवटची, दोन्ही एकावर एक बसतात. तिने आईचं वाक्य म्हटलं. बायका खदखदल्या. पण पुरुषांच्या बाजूने हूं नाही की चूं नाही. कंटाळले की काय, असं वाटून ती अंधारातच म्हणाली, "कामावर रोज बोळे घालणाऱ्यांनी जरा 'हो' म्हणा बघू!"

कुणी हो म्हटलं नाही. मागे एक लहान मूल तेवढं "हो" म्हणालं आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं.

छोटीने दिवे लावायला सांगितलं. प्रकाश पडला तशी सगळी माणसं पुन्हा तिच्याकडे बघून हसरी झाली. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि सगळे एका सुरात म्हणाले, "हो!"

तेव्हा तिला पहिल्यांदा शंका आली. शहाण्या माणसाने तिथेच आभार मानून खाली उतरायला हवं होतं. पण तिला मोजायची सवय लागली होती, आणि ती सवय चांगली नसते. तिने भाषणाचे कागद उचलून तोंडासमोर धरले, वाचत असल्यासारखे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तुमच्या मागे आग लागली आहे."

बायका किंचाळून उठल्या. पोरं रडायला लागली. सर आणि मॅनेजर ताडकन मागे वळले. विणकर तसेच बसून होते, कागदाकडे बघत, समजूतदारपणे माना डोलवत. बाबाही डोलवत होते.

क्षणभराने बायकांची धावपळ दिसली तेव्हा तेही उठले. मॅनेजर जोरात हसला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. "वा! छान प्रयोग केलात," तो म्हणाला. "चला, आता चहा घेऊ." टाळ्या वाजताना दिसल्या म्हणून विणकरांनीही वाजवल्या.

चहाच्या गडबडीत छोटीने बाबांना हाताला धरून स्वयंपाकघरामागच्या बोळात नेलं. तिथे रिकामे क्रेट रचलेले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाली, "बाबा, मी आत्ता बोलतेय ते तुम्हाला ऐकू येतंय?"

"येतंय की!" बाबा म्हणाले. "काय झालं? चांगलं बोललीस."

छोटी रडायला लागली. बाबांना आधी कळेना. मग तिच्या गळ्याची शीर जागची हललेली नाही, म्हणजे तिने आवाज काढलाच नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला आणि ते क्रेटवर बसले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू शाळेत होतीस तेव्हापासून कमी होत गेलं. आता कारखान्याची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. मागाचा हादरा पायाला कळतो."

"आणि बाकीचे?"

"कुणाला थोडं येतं. मुकादमाला काही नाही."

"मग बटण कसं दाबत होतात? मी पुठ्ठा लावला होता!"

बाबा जरासे हसले. त्या हसण्यात अभिमान होता, आणि तेच तिला सहन झालं नाही. "हात झाकलास. तोंड कुठे झाकलंस? बटण दाबताना तू खालचा ओठ आत घेतेस. लहानपणी बेरीज करताना घ्यायचीस तसाच. मी पहिल्याच दिवशी बघितलं आणि सगळ्यांना सांगून ठेवलं. छोटीने ओठ आत घेतला की दाबायचं. पहिल्या वर्षी एक-दोघं चुकले, पुढे सरावले."

म्हणून कान सुधारले होते.

"का केलंत असं?"

"तुझी परीक्षा होती ना ती," बाबा म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटत होतं. "आम्ही नापास झालो असतो तर तू कशी पास झाली असतीस? इतकी माणसं तुझ्यासाठी झटली, छोटे. आणि जो बहिरा ठरेल त्याला मागावरून काढून गोदामात टाकतात हे तुला माहीत नाही का? गोठ्यात म्हातारा बैल बांधावा तसा. अर्ध्या पगारावर. सगळ्यांचंच भलं झालं की नाही?"

तिच्या मनात आलं, ओरडावं. पण ओरडून उपयोग काय होता? ती सरांना शोधत गेली आणि खिडकीपाशी गाठून तिने सगळं सांगून टाकलं. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मग हळूहळू पूर्ववत झाला.

"ओठाचं काय सांगतेस तू," ते म्हणाले. "आकडे आकड्यांच्या जागी आहेत. इथे जी गंमत झाली तिला पुरावा म्हणत नाहीत."

"मग पुन्हा तपासू. सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवू."

"तपासायला तीच माणसं लागतील. ती बसतील?"

छोटी परत गेली आणि पुन्हा सगळ्यांसमोर उभी राहिली. चहाचे कप हातात घेऊन माणसं खुर्च्यांवर टेकली होती. या खेपेला तिने तोंड झाकलं नाही. एकेक शब्द सुटा करून, ओठ स्पष्ट हलवून ती बोलू लागली, म्हणजे कुणाच्या नजरेतून काही सुटायला नको.

"मी तुम्हाला मघाशी जो फायदा सांगितला तो खोटा आहे. बोळ्यांनी तुमचे कान वाचलेले नाहीत. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. नवे माग आले तर जी पोरं आता कामाला लागतील त्यांचंही हेच होईल. मी प्रबंध मागे घेते. मला फक्त एकदा तुमचे कान पुन्हा, नीट तपासू द्या."

पहिल्यांदा मुकादमाने मान खाली घातली. मग त्याच्या शेजारच्याने. शेडमध्ये ज्याला दुसऱ्याचं ऐकायचं नसतं तो मान खाली घालतो. तिथल्या भांडणाचा शेवट असाच होतो, त्यापुढे कुणी बोलत नाही. रांगेमागून रांग खाली वाकली. छोटी बोलत राहिली आणि तिच्यासमोर नुसते भांग उरले, तेल लावून चापून बसवलेले. मागे बायका तेवढ्या तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्यांना कुणी विचारत नव्हतं.

मॅनेजर उठला. त्याने हातवारे करून सगळ्यांना वर बघायला लावलं. मग तो सावकाश, तोंड मोठं उघडून, प्रत्येक अक्षर ओठांवर ठेवून बोलला. छोटीला तेव्हा कळलं की या माणसाला हे सगळं कधीचंच माहीत आहे. या लोकांशी असं बोलावं लागतं हे तो केव्हाच शिकून बसला होता.

"मुलगी दमली आहे," तो म्हणाला. "तिला शंका आलीय. तुम्हीच सांगा. तुम्हाला नीट ऐकू येतं की नाही?"

"येतं!" सगळे म्हणाले.

"कुणाला पुन्हा तपासून घ्यायचंय?"

कुणाचाही हात वर झाला नाही. मुकादम म्हणाला, "पोरीने फार अभ्यास केला, साहेब. तिला आता विश्रांती हवी." तो प्रेमाने म्हणाला. त्याने तिला लहानपणी खांद्यावर घेतलं होतं.

मॅनेजर बाबांसमोर येऊन उभा राहिला. "तुम्ही तिचे वडील. तुमचं काय?"

छोटी बाबांकडे बघत होती. आवाज न काढता तिने फक्त ओठ हलवले, "बाबा, खरं सांगा." त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना ते समजलं, याबद्दल तिला पुढे आयुष्यभर कधी शंका आली नाही. मग त्यांनी आपल्या माणसांवरून नजर फिरवली. ज्यांच्या शेजारी उभं राहून सगळं आयुष्य काढलं ती माणसं त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसली होती.

"येतं साहेब," बाबा म्हणाले. "सगळं येतं."

सरांनी तिथेच सही केली. पेन चालेना म्हणून त्यांना मॅनेजरने आपलं दिलं. कुणीतरी छोटीला डॉक्टर म्हणून हाक मारली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, या वेळी अगदी मनापासून. सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका काकूने तिला जवळ घेतलं आणि ती तिच्या कानात पुटपुटली, "माझंही गेलंय गं. पण पोरांची शिक्षणं व्हायचीत."

घरी जाताना रस्त्याला गर्दी नव्हती. छोटी पुढे चालत होती, मागे आई आणि बाबा. तिला बाबांचं तोंड बघायचं नव्हतं आणि आपलं दाखवायचं नव्हतं. ती समोर बघत मोठ्याने बोलत होती, जीव तोडून बोलत होती. तुम्ही माझी सगळी वर्षं मातीत घातलीत, म्हणत होती. आता शेडमध्ये येणारं प्रत्येक पोर माझ्या नावाने बहिरं होणार, म्हणत होती. तुम्ही मला इतकं जपलंत की मला उभं राहायला जागा ठेवली नाहीत, आणि तरी मला तुमचा राग धरता येत नाही, म्हणत होती. मध्ये हुंदका येत होता आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. समोरून येणारी माणसं थबकून बघत होती.

आई हे सगळं ऐकत बाबांचा हात धरून चालत होती. "मला वाटायचं, माझंच तेवढं ऐकत नाहीत," ती एकदा म्हणाली. ते बाबांना म्हणाली की स्वतःलाच, कुणास ठाऊक.

कोपऱ्यावर वळताना बाबा जरा भराभर चालत छोटीच्या मागे आले आणि त्यांनी घाबरत घाबरत तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"छोटे," ते म्हणाले, "अशी गप्प नको गं राहूस. काहीतरी बोल."